आणि आता निरवांगीचं हवामान

तात्या, तुमचा रेडिओ मी बंद केलेला नाही.

करणार होते, खोटं कशाला बोलू. तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी पाहुणे पांगले, त्याच्या दुसऱ्या पहाटे मी तो खुंटीवरून उतरवला, फडक्यानं पुसला आणि सेल गळून आतून खराब होऊ नये म्हणून मागचं झाकण उघडलं. तेवढ्यात आत्याबाई आल्या. माझ्या सासूबाई, तुमच्या थोरल्या भावजय. जन्मभर त्यांनी त्या रेडिओला "भावजींचं डबडं" म्हटलं, आणि त्याच बाईनं माझ्या हातावर चापट मारली. "ऱ्हाऊ दी त्यो. सकाळची बाई यायची येळ झालीय."

सकाळची बाई म्हणजे जर्मन बातम्या देणारी. आता रोज तांबडं फुटताना आत्याबाई रेडिओ लावून धारा काढतात. त्यांना अवाक्षर कळत नाही. पण परवा चरवी खाली ठेवून म्हणाल्या, "आज दुसरीच हाय गं. आपली दमानं बोलती, ही लई घाईची हाय." तात्या, तुमची पहिली इयत्ता त्या पास झाल्या असं मी धरून चालले आहे.

तुमच्याबद्दल लोक सांगतात ते एका दमात सांगतात. चौथी शिकलेला मेंढपाळ, डाळिंबाला पाणी देता देता जर्मन शिकला. ऐकणारा तोंडात बोट घालतो, आणि मला राग येतो. चमत्कार म्हटलं की कष्टांची बोळवण होते. मी तुमच्या घरात सून म्हणून आले आणि तुमचा उद्योग रोज डोळ्यांनी बघितला. त्यात चमत्कार काडीचा नव्हता. हट्ट मात्र ढीगभर होता, आणि त्यातला निम्मा माझ्याशी भांडण्यात गेला.

मी आले तेव्हा बी.ए.ला इंग्रजी घेतलेली, बी.एड. झालेली, इंदापूरच्या शाळेतली इंग्रजीची बाई. शेजारणी बघायला यायच्या आणि आत्याबाई "आमची सून विंग्रजी शिकिवती" म्हणत चहाचं आधण ठेवायच्या. आणि मला, तात्या, इंग्रजीत एक धड वाक्य बोलता येत नव्हतं. काळांचे तक्ते झोपेतून उठवून विचारा. "सन म्हणजे सूर्य, राइझेस म्हणजे उगवतो," असं तासभर सांगत बसेन. पण समोरच्यानं इंग्रजीत काही विचारलं की मी काहीतरी काम काढून तिथून सटकायचे. हे मी ह्यांनासुद्धा सांगितलं नव्हतं. लबाडीची भाकरी खातेय असं वाटायचं. रोज सकाळी वर्गात शिरताना वाटायचं, आज कुणीतरी पकडणार.

पकडलंत तुम्ही, इंदापूरच्या स्टँडवर. तुम्ही फवाऱ्याचा पंप दुरुस्तीला घेऊन आला होता आणि आपण आपल्या गावच्या, निरवांगीच्या गाडीची वाट बघत होतो. हायवेवरून एक गाडी आत वळली. गोरा बाप्या, गोरी बाई, हातात नकाशा. त्यांचं बोलणं कुणालाच कळेना. चहाच्या टपरीवाल्यानं मला बघितलं आणि आनंदानं ओरडला, "आवं ह्या हायत की विंग्रजीच्या बाई! सरका, वाट द्या!" सगळ्या स्टँडनं वाट दिली. त्या बाईनं मला काहीतरी विचारलं. मी "येस" म्हणाले. तिनं पुन्हा विचारलं. मी "येस, येस" म्हणाले. तिसऱ्यांदा विचारल्यावर समोर जी गाडी सुटत होती तीत धावत जाऊन चढले.

गाडी अकलूजची होती. तुम्ही पंपासकट माझ्यामागं चढलात, पुढच्या थांब्यापर्यंतची दोन तिकिटं काढलीत आणि उतरल्यावर उलट्या गाडीची वाट बघत बाभळीखाली बसलात. मी पदरानं तोंड पुसत होते. मग विचारलंत, "त्या बाईनं काय इचारलं, कळलं का तुला?"

"नाही."

"मग बोलायची घाई का केलीस?"

मला हुंदका फुटला. तुम्ही बाभळीचा काटा मोडून दात कोरत होता. "तुला बोलायला शिकिवलं, पोरी. ऐकायला कुनी शिकिवलंच न्हाय. कान उपाशी, आन तोंडाला कामाला जुपलंय."

आणि मग तुम्ही ती कोकणातली गोष्ट सांगितलीत. दिवाळी झाली की तुमच्या कळपाचे लोक मेंढरं घेऊन घाट उतरायचे. तिथले शेतकरी खतासाठी मेंढरं रानात बसवून घ्यायचे आणि बदल्यात भात द्यायचे. त्याची बोलणी कळपाचा म्हातारा करायचा. पहिल्यांदा कोकणात उतरलेल्या पोरानं त्याच्यामागं, काठी मांडीवर आडवी ठेवून, गप बसायचं. तोंड उघडलं की म्हाताऱ्याच्या काठीचं टोक बरगडीत.

"पयला हंगाम नुसतं कान. दुसऱ्या हंगामाला मेंढरासंगं बोलून बघायचं, मेंढरू काय हसत न्हाय. तिसऱ्या हंगामाला मानसासंगं. ते बी बोलल्याबिगर ऱ्हावलंच न्हाय तर." मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "आन ह्यात नवं काय हाय? नवी सून वरीसभर बोलती का? नुसती ऐकती. म्हून तर दुसऱ्या वर्षी समदं घर तिच्या मुठीत. तू बी तेच केलंस की."

रडता रडता हसू आलं मला. त्याच बाभळीखाली तुम्ही सांगितलंत की वर्षभर तुम्ही एक जर्मन स्टेशन ऐकताय. घरात कुणाला पत्ता नव्हता. आम्हाला वाटायचं, म्हातारा सोबतीला आवाज लावतो. चराऊ रानं गेली, मेंढरं विकली, त्या जागी ठिबकवर डाळिंब आलं, आणि तीस वर्षं पायाला भिंगरी असलेल्या माणसाजवळ उरली एक काठी आणि घोडीच्या पाठीवरून हिंडलेला हा रेडिओ. पहाटे निरवांगीत सगळ्यात खणखणीत लागायचं ते जर्मन स्टेशन. "बाईचा आवाज झ्याक हुता," एवढंच कारण तुम्ही दिलंत. मी म्हटलं, शिकायचीच तर इंग्रजी शिका, मी आहे घरात. तर म्हणालात, "विंग्रजीला तू हायस की. येका घरात दोगांनी येकच काम करून काय उपेग?"

त्या दिवसापासून मी तुमच्या शाळेत बसले. सकाळी भाकरी थापता थापता कान पडवीकडे. नियम एकच, बोलायचं नाही. अर्थ विचारायचा नाही, शब्द घोकायचा नाही, जे कळेल ते कळेल. माझ्यासारख्या तक्तेवालीला हे म्हणजे परीक्षेला वहीशिवाय बसण्यासारखं होतं. पहिले दोन महिने नुसता गलका. मग त्यातून नावं वेगळी व्हायला लागली, मग आकडे. मग एक दिवस कळलं की बाई रोज शेवटी जे सांगते ते हवामान असतं.

मीच इंग्रजीत पत्र लिहून त्या स्टेशनकडून पुस्तकं मागवली. एवढं तरी माझ्या बी.ए.चं चीज झालं. पाकीट द्यायला पोस्टमन सायकल हाणत रानात आला आणि उघडेपर्यंत हलला नाही. तुम्हाला रोमन अक्षरं येत नव्हती. ती तुम्ही खताच्या पोत्यांवरून आणि हायवेच्या ट्रकांवरून गोळा केलीत, अडलं तेवढंच मला विचारलंत. मग रेडिओवर धडा लागला की पुस्तक मांडीवर आणि ओळीखाली बोट. बाई पुढं गेली की बोट धावायचं, बोट पुढं गेलं की थांबून बाईची वाट बघायचं. ओठ मात्र हलायचे नाहीत. मी म्हणायचे, निदान मोठ्यानं वाचा. तेच बोट तुम्ही ओठांवर ठेवायचात.

मला ती सकाळ आठवते. मी चुलीपुढं, तुम्ही पडवीत, बाई बातम्या देतेय, आणि एकाएकी तुम्ही चुकचुकलात. "अर्रर्र. तितं बी नदी घरात शिरली म्हनं. म्हातारी मानसं छपरावर बसलीत." आणि पुन्हा ऐकायला लागलात. तुमच्या लक्षातही आलं नाही, तात्या. तुम्ही भाषांतर केलं नव्हतंत. शेजारच्या गावची खबर कळावी तसं तुम्हाला कळलं होतं. तव्यावरची भाकरी करपली तरी मी तिथंच बसून होते. एवढी वर्षं मी जे शिकत होते ते काय होतं, असं मला त्या सकाळी वाटलं.

गावाला मात्र कान दिसत नाहीत, तोंड दिसतं. हॉटेलात बसलेले टगे म्हणायचे, "तात्या, येक तरी शबुद सोडा की जर्मन." तुम्ही म्हणायचात, "अजून न्हाय." दुसरं वर्ष गेलं, तिसरं लागलं, तरी "अजून न्हाय." तुमचं नाव 'मुका जर्मन' पडलं. तुम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. मला वाटायचं, कारण शाळेच्या स्टाफरूमपर्यंत ते पोचलं होतं.

आणि मग ते भांडण झालं. मी पुण्याहून शिक्षकांच्या शिबिरातून आले होते. पहिल्या दिवसापासून बोलायला लावा, असं तिथं सांगितलेलं डोक्यात ताजं होतं. जेवायला सगळे बसले होते. मी म्हटलं, "तात्या, पोहायला शिकायचं तर पाण्यात पडावं लागतं. काठावर बसून कुणी शिकत नाही."

"पडायचंच हाय की. पर आदी हीर तरी भरू दी."

सगळे हसले. मला वाटलं, मला हसले. आणि मी म्हणाले, आत्याबाईंसमोर, ह्यांच्यासमोर, "तुम्हाला येत नाही, म्हणून तुम्ही बोलत नाही. सरळ कबूल करा."

तुम्ही चिडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही ताटाला हात लावून नमस्कार केलात, रेडिओ काखेत मारलात आणि रानात गेलात. अर्धी भाकरी तशीच राहिली. मी माफी मागणार होते. उद्या मागू म्हटलं, मग परवा. सासरच्या वडीलधाऱ्याची माफी मागायला सुनेला शब्द सापडत नाहीत, आणि दिवस उलटले की गोष्ट मिटली असं आपणच समजतो. ती मिटली नव्हती. तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत, एवढंच.

पुढच्या माघात ह्यांनी बातमी आणली की काटेवाडीला एका बागायतदाराच्या द्राक्षबागेत जर्मनीचे शेतकरी ठिबक बघायला येणार आहेत. रविवारी सकाळी बघते तर धोतराला नीळ दिलेली आणि डोक्याला नवा पटका.

"तात्या, बोलणार?"

"न्हाय गं. ऐकाया चाललोय. जितं मानूस जर्मन बोलताना कसं दिसतंय, बघू दी की येकदा."

बारामतीच्या गाडीनं आपण काटेवाडीला उतरलो. बागेत पंधराएक पाहुणे, टोप्या घातलेले, उन्हानं लाल झालेले. सोबत पुण्याचा दुभाषा. बिचारा शिकलेला होता, बूट चकचकीत होते, पण नांगराच्या मागं कधी चाललेला नव्हता. आपण गर्दीच्या मागं उभे राहिलो. आणि मला कळत होतं, तात्या! सगळं नाही, पण माणसं काय म्हणतात ते कळत होतं. आनंदानं तुमच्याकडे बघितलं तर तुम्ही डोळे मिटून उभे, पहाटे रेडिओपुढं असता तसे.

त्यांच्यात एक म्हातारा होता. मोठे कान, नखांत माती. तो सारखा मागं राहत होता. बांधापलीकडं ऊस तुटलेल्या रानात मेंढरं बसवली होती, तिकडं बघून तो थांबला आणि त्यानं दुभाष्याला काहीतरी बराच वेळ विचारलं. दुभाषा गडबडला. मग हसून म्हणाला, "पाहुणे म्हणतात, मेंढ्या फारच छान आहेत." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

म्हाताऱ्यानं ते विचारलंच नव्हतं. त्यानं विचारलं होतं, ही मेंढरं ह्या मालकाची की फिरतीची? रानाला खत म्हणून बोलावून आणतात का? आमच्या गावाकडंही वडिलांच्या वेळी शिशिरात मेंढपाळ यायचा, रानात मेंढरं बसवायचा, आई त्याला भाकरी द्यायची. तुमच्याकडं हे अजून आहे का?

सगळं माझ्या डोक्यात लख्ख उभं होतं, उत्तरासकट. आणि मी एक पाऊल मागं सरकले. माझ्यापुढं पुन्हा इंदापूरचा स्टँड. म्हाताऱ्यानं मान हलवली आणि तो पुढं चालायला लागला.

तेवढ्यात माझ्या शेजारी कुणीतरी खाकरलं.

तुम्ही पुढं झालात. पटका सारखा केलात. मनगटावरच्या घड्याळात बघितलंत आणि खड्या आवाजात, आपल्या सकाळच्या बाईच्या थाटात म्हणालात, "एस इस्ट एल्फ ऊर. दी नाखरिष्टन."

अकरा वाजले आहेत. बातम्या.

पुस्तकात 'गुटन टाग' होतं. ते तुम्हालाही माहीत होतं. पण तुमच्या कानात इतकी वर्षं मुरलेली सुरुवात ती होती, आणि बोलल्याशिवाय राहवलं नाही तेव्हा आतून तीच आली. दुभाष्याचा आ वासलेला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तुम्ही मात्र थांबला नाहीत. तुम्ही बातम्या दिल्यात. मेंढरं फिरतीची आहेत. मालकानं बोलावून आणली आहेत. तीन मुक्काम होतील. मेंढपाळाला धान्य मिळेल. तीस वर्षं मी हेच काम केलं. वाक्य छोटं, मग ठाम थांबा, मग पुढचं वाक्य. चुका असतील, मी मोजल्या नाहीत, आणि चुका न मोजण्याची माझी ती पहिलीच वेळ होती. सगळं सांगून झालं तरी तुम्ही तसेच ताठ उभे, कारण बातम्या अशा संपत नाहीत. "उंड नुन दास वेटर," तुम्ही म्हणालात. आणि आता हवामान. "निरवांगी. कोरडं. ऊन. पावसाची शक्यता नाही."

म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली. आधी हसला, मग डोळे पुसायला लागला, मग पुन्हा हसला. मग तुमच्यासमोर ताठ उभा राहिला, स्वतःच्या घड्याळात बघितलं आणि तुमच्याच आवाजात आपल्या गावचं हवामान दिलं. बर्फ. कडाक्याची थंडी. सफरचंदाची झाडं झोपलेली.

त्याचं नाव केलर. बाकीचे पाहुणे जेवायला गेले आणि तुम्ही दोघं बांधावर बसलात, तासभर. मी मागं उभी राहून ऐकत होते. आयुष्यात मला कुणाचा इतका अभिमान वाटला नाही. परत येताना तुम्ही खिडकीशी बसून तोंडातल्या तोंडात हसत होता. मी विचारलं, "ठरवून आला होतात ना?"

"न्हाय गं. मेंढरांचं इचारलं त्येनं. ऱ्हावंना." मग थोड्या वेळानं म्हणालात, "ह्यो आपल्या बाईसारखं बोलत न्हाय. निम्मं गिळतोय. आपल्यागत गावठी हाय." त्याचं गावठीपण ओळखता आलं, याचा तुम्हाला बोलण्यापेक्षा जास्त आनंद झाला होता. माफी तेव्हाही माझ्या ओठांवर होती. गाडीत गर्दी फार होती, अशी मी स्वतःची समजूत घातली.

गावात बातमी आपल्या आधी पोचली. 'मुका जर्मन'मधला मुका त्याच संध्याकाळी गळला. हॉटेलवाल्यानं तुम्हाला खुर्ची पुसून दिली, आणि तुम्ही तिच्यावर बसून टग्यांना सांगितलंत, "आता इचारा काय इचारायचं त्ये." टग्यांनी तुमच्यासाठी चहा मागवला.

मग मी माझा पाचवीचा वर्ग तुमच्या हवाली केला. तुम्हाला न सांगता. पहिले सहा महिने मी नुसत्या गोष्टी सांगितल्या, इंग्रजीत, चित्रं काढून, हातवारे करून. मुलांनी ऐकायचं, पुस्तकात ओळीखाली बोट फिरवायचं, उत्तर द्यायचं नाही. हेडमास्तर दारात येऊन म्हणाले, "बाई, तुमचा वर्ग मुका का?" मी म्हटलं, "भरतोय, सर." त्यांना काय कळलं कोण जाणे. दिवाळीनंतर एके दिवशी मी फळ्याकडे तोंड करून असताना खिडकीजवळची एक मुलगी किंचाळली, "टीचर, गोट इज ईटिंग युवर बॅग!" मी वळले. शेळी खरंच माझी पिशवी चघळत होती. आणि मी ओरडले, "देन स्टॉप हर! डोन्ट जस्ट सिट देअर!" वर्ग उठला, शेळी पळाली, आणि मग माझ्या लक्षात आलं की मी इंग्रजी बोलले. अडखळले नाही, काळ जुळवला नाही. घरी येऊन तुम्हाला सांगितलं तर तुम्ही एवढंच विचारलंत, "पिशवीत काय हुतं?" तपासलेल्या वह्या, म्हटलं. "मग चांगलंच जालं."

एक सांगते, रागावू नका. माझं अजूनही म्हणणं आहे की तुम्ही अर्धेच बरोबर होता. काही मुलं पहिल्या दिवसापासून चिमण्यांसारखी बोलतात आणि छान शिकतात. शिवाय मार्चमध्ये परीक्षा असते, ती विहीर भरायची वाट बघत नाही. तुम्ही यावर म्हणाला असतात, "त्येंची हीर उथळ आसंल, बिगीनं भरली." मला पक्कं माहीत आहे. शेवटचा शब्द कायम तुमचाच. आता मी रोज भाकरी थापताना तुमच्याशी हाच वाद घालते आणि रोज जिंकते. त्यात काही मजा नाही.

इंग्रजी सुटली, पण जर्मन माझ्या तोंडून कधी निघाली नाही. तुम्ही होतात ना. केलरसाहेबांची पत्रं तुम्हाला यायची, उत्तरं तुम्ही मोठ्या अक्षरांत लिहायचात, मी फक्त ऐकायचे, वाचायचे आणि गप बसायचे. "तुजी येळ तुला कळंल," असं म्हणायचात. सहा वर्षं मला ती कळली नाही.

तुम्ही गेल्यावर बाराव्या दिवशी त्यांचं पत्र आलं. त्यांना कुठं काय माहीत? यंदा डाळिंबाचा बहार धरला का, विचारलं होतं. शेवटी लिहिलं होतं, बऱ्याच दिवसांत निरवांगीचं हवामान कळलं नाही. मी उत्तर लिहायला बसले. तीन ओळी लिहिल्या आणि फाडल्या. पत्र पोचायला दोन आठवडे. तोवर ते तुम्हाला आणखी एक लिहितील, टपालपेटीपाशी वाट बघतील. ते मला सहन होईना.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी हायवेवरच्या फोनच्या बूथमध्ये गेले. काचेचं दार लावलं. पत्रावरचा नंबर फिरवला. घंटा वाजली, आणि पलीकडून त्यांच्या पद्धतीप्रमाणे नुसतं नाव आलं, "केलर."

मी 'गुटन टाग' तयार ठेवलं होतं. वाटभर मनात म्हणत आले होते. समोर भिंतीवर घड्याळ होतं. मी त्यात बघितलं आणि माझ्या तोंडून निघालं, "एस इस्ट सिबत्सेन ऊर द्रायसिश. दी नाखरिष्टन."

साडेपाच वाजले आहेत. बातम्या.

असं बोलणं सुरू करणारं घर जगात एकच आहे, हे त्यांना माहीत होतं. मी बातम्या दिल्या. आमचे तात्या गेले. पहाटे गेले. त्रास झाला नाही. रेडिओ चालू होता. तुमचं पत्र काल मिळालं. छोटी छोटी वाक्यं, तात्या, तुमच्यासारखी, प्रत्येकानंतर थांबून. हायवेवरून ट्रक जात होते आणि बूथची काच थरथरत होती. मी नाही थरथरले.

मग म्हातारा फुटक्या आवाजात म्हणाला, "उंड दास वेटर?"

मी हवामान दिलं. निरवांगी. आकाश स्वच्छ. सकाळी थोडा गारवा. डाळिंबाला फुलं आली आहेत. पलीकडच्या रानात मेंढरं बसवली आहेत. मग ते विचारत गेले आणि मी सांगत गेले. आत्याबाई पहाटे रेडिओ लावतात तेही सांगितलं. शेवटी त्यांनी विचारलं, "तुम्ही जर्मन कधीपासून बोलता? त्यांनी मला कधी सांगितलं नाही."

फोनवरच्या मीटरमध्ये लाल आकडे पळत होते.

"सहा मिनिटांपासून," मी म्हणाले.

ते हसले. काटेवाडीला हसले होते तसेच, मध्येच डोळे पुसत असावेत तसे.

तात्या, त्या रात्री भरल्या ताटावरून मी तुम्हाला म्हणाले होते, येत नाही म्हणून तुम्ही बोलत नाही. मी सहा वर्षं बोलले नाही. आणि मला येत होतं.